तीन रात्री झाल्या, कॅरेक्टर काही बनंना (बाल्डर्स गेट ३)

जिंतूरचा_सेतूवाला | सोमवार, रात्री ११:४०

राम राम मंडळी. नवीन मेंबर हाय, धागा चुकीच्या जागी पडला असल तर ॲडमिननी उचलून नीट जागी ठेवावा.

विषय असा की बाल्डर्स गेट ३ हा कॉम्प्युटर गेम घेतला. दीडशे जीबी. दुकानातल्या नेटवर चार रात्री लावून उतरवला, त्यात दोनदा लाईट गेली, एकदा बायकोनं रावटर बंद केला, कसाबसा उतरला. आता त्याला तीन रात्री झाल्या आन मी अजून गेममधे पाय ठेवला नाय. कॅरेक्टर बनवायच्या स्क्रीनवरच बसायलोय. ११ रेस (कोणत्या कुळीचा), १२ क्लास (कसा लढणारा), मग बॅकग्राउंड, मग पॉईंट वाटा, मग तोंड निवडा, केस निवडा, जखमेची खूण निवडा, आवाज निवडा. काल पावणेदोनला सगळं झालं वाटलं, पुढचं बटन दाबलं तर म्हणतो आता तुमच्या स्वप्नात कोण येतं ते बनवा!! म्हंजे अजून एक माणूस पहिल्यापासून. लॅपटॉप मिटला आन झोपलो.

खरं कारण सांगतो, हसू नका. माझं दुकान फॉर्म भरायचं हाय. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, सगळं. एक वेलांटी चुकली की अर्ज परत येतो आन तांड्यावरचा म्हातारा माणूस भाडं खर्चून परत माझ्या दारात. त्यामुळं सबमिट दाबायच्या आधी तीनदा वाचायची सवय लागली, ती इथं पण सुटंना. चुकलं तर ६०-७० तास त्याच चुकीसंगं काढायचे का? कोणी तरी सांगा कुठं काय भरायचं.

लातूर_पॅटर्न | सोमवार, रात्री ११:५८

आधी गणित समजून घे म्हणजे भीती जाईल. सगळे स्टॅट (ताकद, बुद्धी असले गुण) ८ पासून सुरू, तुझ्याकडं २७ पॉईंट. १३ पर्यंत एका पॉईंटला एक, १४ ला दोन आणि १५ ला परत दोन. म्हणजे एक स्टॅट १५ ला न्यायचा तर ९ पॉईंट खर्च. १५ च्या वर विकत मिळत नाही, पण +२ आणि +१ फुकट असतात ते तुला पाहिजे तिथं लावायचे.

आणि मेन गोष्ट, विषम आकडा वाया जातो. १४ असो का १५, फाशात मिळवायचा बोनस +२ च. १६ झाला की +३. नवीन पोरं सगळीकडं १३-१३ करून बसतात आणि मग म्हणतात मार लागंना. क्लास कोणता ते सांग, वाटप करून देतो.

अंबाजोगाईची_टवाळ | मंगळवार, सकाळी ७:१५

आला याचा क्लास. अरे त्याला गेम खेळायचाय, नीटची परीक्षा द्यायची नाहीये.

सेतूवाले दादा, यांचं ऐकू नका. म्हणजे विषम आकड्याचं ऐका, ते खरंय, बाकीचं नको. मला विचाराल तर आधी माणूस ठरवायचा आणि मग त्याचे आकडे. मी प्रत्येक गेममधे माझ्या आज्जीला बनवते. ताकद ८, तोंड १७. आमची आज्जी मंडईत गवारीच्या भावावरून अर्धा तास उभी राहायची आणि शेवटी कोथिंबीर फुकट घेऊनच हलायची. बीजी ३ (हाच बाल्डर्स गेट ३) मधे ती बार्ड झाली, म्हणजे गाणारी-बोलणारी. बार्डला कोणाशीही बोलताना खास असे टोमणे मारायचे पर्याय येतात, आज्जीला याहून काय पाहिजे.

गुलमंडी_गेमर | मंगळवार, सकाळी ९:०२

हौ मियां, तीन रातां तो कुछ भी नही. मी एल्डन रिंग गेमला तोंड बनवण्यात अख्खा रविवार घालवला, नाकाचा स्लायडर, हनुवटीचा स्लायडर, गालाच्या हाडाचा स्लायडर, अम्मी दोनदा जेवायला बोलावून गेली. आणि शेवटी काय झालं? पहिलं चांगलं हेल्मेट मिळालं ते घातलं, तोंड गायब. शंभर तासात ते तोंड मी परत बघितलंच नाही. बीजी ३ मधे तरी बरंय, स्लायडरच नाहीत, तयार मुंडकी आहेत, एक उचलायचं आणि चालायला लागायचं. आणि हेल्मेट दाखवू नको असं बटन पण आहे.

जिंतूरचा_सेतूवाला | मंगळवार, दुपारी २:२०

टवाळ ताई तुमची आयडिया पटली. मला आमच्या तात्याला बनवायचंय मग. चुलते हायत. जवानीत जत्रेच्या फडात कुस्त्या मारायचे, नारळावरच्या कुस्तीपासून शेवटच्यापर्यंत. दिवसातनं दहा शब्द बोलतेत, त्यातले चार बैलासंगं. असा माणूस कोणत्या क्लासमधे बसतो?

(दुकानात गर्दी हाय, सर्व्हर डाऊन हाय म्हणून हे टायपायलोय)

लातूर_पॅटर्न | मंगळवार, दुपारी २:३१

बार्बेरियन, म्हणजे रांगडा मारकुटा गडी. डोळे झाकून. लेव्हल ३ ला त्यातला बर्सर्कर हा प्रकार घे, त्याला भर लढाईत समोरचं माणूस उचलून दुसऱ्याच्या अंगावर फेकता येतं. पैलवानाला अजून काय पाहिजे.

वाटप लिहून घे. स्ट्रेंग्थ (ताकद) १५ आणि त्यावर +२ म्हणजे १७. कॉन्स्टिट्यूशन (दम) १५ आणि +१ म्हणजे १६. डेक्स्टेरिटी (चपळाई) १४. विज्डम (शहाणपण) १०. इंटेलिजन्स (बुद्धी) ८, कॅरिझ्मा (बोलण्याची छाप) ८. बरोबर २७ होतात, करून बघ.

आता म्हणशील १७ तर विषम, वाया. नाही. लेव्हल ४ ला फीट (एक जादा कसब) मिळतं, तिथं टॅव्हर्न ब्रॉलर घ्यायचं, त्यात स्ट्रेंग्थ +१ येते, १८ झाली, शिवाय फेकाफेकीत स्ट्रेंग्थचा बोनस अजून एकदा मिळतो. बार्बेरियन उघड्या अंगानं लढला तर कॉन्स्टिट्यूशन चिलखताचं काम करतं. लंगोटावर लढव तात्याला.

जिंतूरचा_सेतूवाला | मंगळवार, दुपारी २:४०

लंगोटावर 😂 हे झालं फायनल

पण कॅरिझ्मा ८ म्हंजे बोलायचे वांधे होणार ना? गेममधे बोलायचं लई हाय म्हणतेत.

अंबाजोगाईची_टवाळ | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

होणारच की वांधे, तीच तर मजा आहे.

थोडं लांबण लावते, कारण हा माझा आवडता विषय आहे. कॅरेक्टर बनवताना लोक फक्त चांगलं काय त्यालाच धरून बसतात, पण गेमला जास्त खाद्य मिळतं ते तुम्ही कुठं कमी आहात त्यातून. पहिल्या फॉलआऊट गेमचं घ्या, १९९७ चा. सात स्टॅट, प्रत्येक ५ वर आणि वर ५ पॉईंट वाटायला. इंटेलिजन्स एकदम खाली नेला तर तुमच्या माणसाला वाक्यच बोलता येत नाही, नुसतं उं-आं. समोरचे लोक बिचारे कंटाळून हाकलून देतात, अर्धी कामं मिळतच नाहीत. आणि फॉलआऊट २ मधे तर कहर केलाय, क्लॅमथ गावात टॉर म्हणून एक गुरं राखणारा पोरगा आहे, तुमची बुद्धी नीट असली तर तो तोतरं-बोबडं बोलतो. पण तुम्हीच ढ असलात तर दोघांचं एकदम विद्वानासारखं संभाषण होतं! कोणीतरी बसून हे लिहिलंय, फक्त त्या दहा-वीस लोकांसाठी जे मुद्दाम ढ माणूस बनवतील. मला तो सीन बघायला सगळा गेम परत खेळावा लागला, अजिबात पश्चात्ताप नाही.

दुसरं, डिस्को एलिझियम. चार गुण, त्यात १२ पॉईंट वाटायचे, त्याखाली २४ स्किल. मी हुशारीत सगळं ओतलं आणि शरीरात १ ठेवला. गेम सुरू झाला, माणूस दारूच्या नशेतून उठला, छताच्या पंख्याला त्याचा टाय अडकलेला. म्हटलं काढू. काढायला गेले आणि हार्ट ॲटॅकनं मेला. पहिली दोन मिनिटं, खोलीच्या बाहेर पण पडला नव्हता!! मी बिल्ड बदललं नाही, तसाच खेळले, फक्त पंख्याच्या नादी लागले नाही.

तेव्हा तात्यांना मितभाषीच ठेवा. कॅरिझ्मा ८ ला ८ च राहू द्या.

लातूर_पॅटर्न | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

आकड्यात सांगतो. ८ म्हणजे -१. समोर १० लागत असतील तर २० बाजूच्या फाशात तुला ११ किंवा त्याच्या वर पाहिजे, ५०%. कॅरिझ्मा १६ असता तर ७०%. सगळा फरक २०% चा. मरत नाही माणूस त्यानं. दुसरा कोणी गोडबोल्या पार्टीत (आपल्या टोळीत) असतोच, त्याला पुढं करायचं.

अंबाजोगाईची_टवाळ | मंगळवार, संध्याकाळी ७:०९

पुढं करायचं म्हणे. दार उघडलं की समोरचा नेमका तुमच्याच कॅरेक्टरला धरतो, गोडबोल्या मागं भिंतीला टेकून उभा असतो. हा अनुभव फक्त मलाच आहे का?

गुलमंडी_गेमर | मंगळवार, संध्याकाळी ७:१२

सगळ्यांना आहे 😭

लाल_कंधारी | मंगळवार, रात्री १०:३०

पोरांनो तुम्ही फारच सुखात आहात. माझं वय पन्नाशीच्या पुढं, त्यामुळं जुनं उगाळतो, सहन करा.

पहिला बाल्डर्स गेट आला १९९८ ला. पाच सीड्या. माझ्याकडं नांदेडला आला तेव्हा त्यातली चौथी ओरखडलेली होती, ती टूथपेस्ट लावून पुसून चालवायची. त्यात हे २७ पॉईंटचं रेशन नव्हतं. फासे पडायचे, पसंत नाही पडले तर परत टाका, परत टाका, कितीही वेळा. आम्ही दोघं मित्र रात्रभर आळीपाळीनं माऊस दाबत बसलो होतो, एकूण बेरीज ९० च्या वर पाहिजे म्हणून. पहाटे ९३ आली. आणि माझा हात सवयीनं परत बटनावर पडला. ७६. मित्र काहीच बोलला नाही, उठला, चप्पल घातली आणि घरी गेला. आता तो सासरा झालाय तरी ते ९३ काढतो अधूनमधून.

हे फाशांचं मूळ कागदावरच्या डंजन्स अँड ड्रॅगन्स मधलं, गायगॅक्स आणि आर्नेसन या दोघांचा, १९७४ चा खेळ. तिथं तर तीन फासे टाकायचे आणि ओळीनं लिहायचे, पहिली बेरीज स्ट्रेंग्थ, पुढची पुढच्याला. तीन फाशांची सरासरी साडेदहा. म्हणजे तुम्ही माणूस ठरवत नव्हता, जो पदरात पडला त्याला घेऊन निघायचा. आजचं सगळं अंबाजोगाई विरुद्ध लातूर भांडण तिथूनच निघालंय, फक्त तेव्हा भांडायला वाव नव्हता.

आणि सेतूवाल्या, तुझी अडचण मला वेगळी दिसते. आमचे वडील माळेगावच्या जत्रेत बैल घ्यायला जायचे. दात बघायचे, खुर बघायचे, पाठीवरनं हात फिरवायचे, कातडी चिमटीत धरायचे, तासभर. पण तासाभरानं कासरा हातात घेऊन दहा पावलं चालवायचेच. न चालवता तीन दिवस नुसते दात बघत बसणारा माणूस मी जत्रेत बघितला नाही. पहिली फाईट खेळ, मग सांग बैल कसाय.

सेलूचा_पक्का_सेलर | मंगळवार, रात्री १०:४४

स्कायरीम खेळा. क्लासच नाय. गाडीतनं उतरला, नाव सांगितलं, १० रेसमधली एक घेतली, मुंडकं उडायच्या आत ड्रॅगन आला, पळा. तलवार चालवली की तलवार वाढती, चोरी केली की चोरी वाढती. कशाला ही कटकट

लातूर_पॅटर्न | मंगळवार, रात्री १०:५०

आणि दहा तासांनी सगळे लपून बाण मारणारेच होतात. झालंय का नाही?

सेलूचा_पक्का_सेलर | मंगळवार, रात्री १०:५१

झालंय

अंबाजोगाईची_टवाळ | मंगळवार, रात्री ११:१०

अगं बाई, स्कायरीमवरून आठवलं, सेतूवाल्या दादांसाठी खास. त्याच मालिकेतला मॉरोविंड, २००२ चा. तिथं तुम्ही कैदी म्हणून जहाजातून उतरता आणि तुम्हाला सरळ सरकारी कचेरीत नेतात. जनगणना आणि जकात खातं. खोटं नाही सांगत! एक म्हातारा कारकून टेबलामागं बसलेला, तो विचारतो क्लास कोणता. तीन पद्धती. तयार यादीतून निवडा, नाहीतर तो दहा प्रश्न विचारतो आणि उत्तरांवरून तोच ठरवतो, नाहीतर फॉर्म तुम्ही स्वतः भरा. मग जन्मरास सांगायची, १३ राशी आहेत. मग कागद हातात मिळतात आणि ते पुढच्या साहेबाला दाखवल्याशिवाय सुटका नाही.

जिंतूरचा_सेतूवाला | मंगळवार, रात्री ११:१४

थांबा थांबा. गेमच्या सुरवातीलाच सेतू?? कागद घेऊन दुसऱ्या टेबलावर जा म्हणतो???

हा गेम कुठं मिळल

गुलमंडी_गेमर | मंगळवार, रात्री ११:१६

याला गेममधे पण काउंटरवर बसायचंय रे 😂 दुपारी जेवायची सुट्टी आहे का विचारून घे

जिंतूरचा_सेतूवाला | मंगळवार, रात्री ११:२५

हसा. पण मूळ प्रश्न राहिला. चूक झाली तर दुरुस्ती हाय का नाय?

लाल_कंधारी | मंगळवार, रात्री ११:४०

आहे आणि लई स्वस्तात आहे, हे कोणी पहिल्या प्रतिसादातच सांगायला पाहिजे होतं, आपण सगळे आपलंच दळण दळत बसलो.

सुरवातीला जहाज कोसळून तू समुद्राच्या काठावर पडतोस. तिथनं जवळच पडक्या देवळासारखी जागा आहे, खाली तळघर, त्यात एका शवपेटीत विदर्स नावाचा हाडकुळा म्हातारा निजलेला आहे. त्याला उठव. तो नंतर आपल्या तळावरच येऊन उभा राहतो. १०० मोहरा दिल्या की क्लास, स्टॅट, सगळं नव्यानं. कितीही वेळा. रेस तेवढी बदलत नाही. तोंड, केस, खुणा बदलायच्या तर तळावर आरसा आहे, तो गेम आल्यावर महिना-दीड महिन्यानं तिसऱ्या पॅचमधे (गेमच्या दुरुस्तीत) आला.

आमच्या वेळी असं नव्हतं. डायब्लो २ आला २००० ला, त्यात एक पॉईंट चुकीच्या जागी पडला की तो जन्माचा. परत वाटायची सोय गेममधे आली २०१० ला, पॅच १.१३ मधे. दहा वर्षं! एका पॉईंटसाठी लोकांनी लेव्हल ८० चे गडी टाकून दिलेत.

लातूर_पॅटर्न | मंगळवार, रात्री ११:४६

ओब्लिव्हियन पण असाच दगाबाज होता, २००६ चा. क्लास बनवताना सात मेजर स्किल निवडायचे, त्यांच्यावरच लेव्हल चढायची, आणि तुझी लेव्हल चढली की दुनियेतले राक्षस पण चढायचे. मी रोज वापरायचे तेच सात निवडले, पळणं, उड्या मारणं सुद्धा. नुसता उड्या मारून लेव्हल वाढवली आणि मग साधे दरोडेखोर काचेचं चिलखत घालून मारायला यायले. तेव्हापासून मी गणित करतो. उगाच नाही करत.

अंबाजोगाईची_टवाळ | मंगळवार, रात्री ११:५२

असं होय! आधी सांगायचं ना, मी उगाच तुला छळलं इतके महिने.

(तरी पण बार्डला ८ स्ट्रेंग्थ ठेवणारच)

जिंतूरचा_सेतूवाला | बुधवार, दुपारी १:०५

गेममधे गेलो एकदाचा. रात्री सव्वाबाराला दाबलं बटन. डोळे मिटून. स्वप्नातला माणूस बनवला नाही, जो आला तो घेतला, आता तो सारखा यायला लागला आन माझ्याकडं बघून हसायलाय, तेवढं चुकलं.

पहिलाच फासा. जहाजावर एका मेलेल्या माणसाच्या कवटीतून जिवंत मेंदू बाहेर काढायचा असतो. तात्याला लावलं कामाला. पडले ३. मग काठावर पोचलो, फाईट झाली, दोनदा मेलो, लंगोटावरच होतो. तिसऱ्यांदा जिंकलो. तो विदर्स पण सापडला. मंडळी तो म्हातारा लई भारी हाय. उठला की पहिला प्रश्न विचारतो, माणसाच्या एका जिवाची किंमत किती. मी दहा मिनिटं विचार करायलो काय उत्तर द्यावं. आन नंतर तळावर बघतो तर त्याचं स्वतःचंच रेटकार्ड हाय, मेलेलं माणूस उठवायला २००, फॉर्म दुरुस्तीला १००. पावती देत नाय.

दुरुस्ती काही केली नाय अजून.

गुलमंडी_गेमर | बुधवार, दुपारी १:१५

मुबारक हो! फोटो टाक की तात्याचा

जिंतूरचा_सेतूवाला | बुधवार, रात्री ९:४८

फोटोवरनंच सांगायचं होतं. आज संध्याकाळी खरे तात्या दुकानात आले, केवायसी करायला. लॅपटॉपवर गेम उघडाच राहिला होता. म्हणले हे कोण. म्हणलं तात्या तुम्हीच. चष्मा काढला, पुसला, परत घातला, वाकून बघितलं. मला वाटलं आता उघडं बसवलं म्हणून शिव्या बसणार. बराच वेळ बघून म्हणले, कान नीट कसे काय याचे?

पैलवानाचे कान मोडलेले असतेत ना. तात्याचा उजवा तर पार गोळा झालेला हाय, माती लागून लागून. मी जन्मभर बघतोय आन बनवताना ध्यानातच नाय आलं. तात्या म्हणले, असल्या कानाचा गडी फडात उतरला तर समोरचा हसल.

आत्ता तासभर आरशापुढं बसलो. केस हायत, दाढी हाय, टॅटू हाय, डोळ्याचा एकेक रंग वेगळा करता येतो. कान मोडायचं कुठंच नाय. कोणाला माहीत असल तर सांगा. मॉड बिड (लोकांनी बनवलेली जोडणी) असतं का असं काही?

लाल_कंधारी | बुधवार, रात्री १०:०२

कानाचं बघतो शोधून. तोवर उजव्या गालावर जखमेची खूण घेऊन केस जरा लांब कर, कान झाकला जाईल. तात्यांना माझा नमस्कार सांग.

लातूर_पॅटर्न | बुधवार, रात्री १०:०४

स्ट्रेंग्थ १७ च ठेवलीस ना?